हायस्कूलमधील गणिताचे कोर्स : कोणत्या वर्षी काय घ्यावे आणि किती पुढे जावे?

दूरदेशी (धागाकर्ता)

माझी मुलगी अमेरिकेतील एका सार्वजनिक शाळेत सातवीत शिकते. पुढच्या वर्षीच्या विषयनिवडीचा अर्ज नुकताच घरी आला असून त्यात गणितासाठी तीन वाटा दिल्या आहेत. पहिली वाट म्हणजे आठवीत आठवीचेच नेहमीचे गणित आणि नववीत अल्जेब्रा १. दुसरी वाट म्हणजे आठवीतच अल्जेब्रा १. तिसरी वाट म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गात अल्जेब्रा १ पूर्ण करायचा आणि आठवीत थेट जिओमेट्रीच्या वर्गात बसायचे. तिच्या तीन मैत्रिणींनी तिसरी वाट निवडली आहे, आणि त्यामुळे घरात रोज हाच विषय निघतो.

मी स्वतः महाराष्ट्रात मराठी माध्यमात शिकलो. तिथे बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षात शेजारी शेजारी चालत आणि सगळा वर्ग एकाच धड्यावर असे. कोणी वर्षभर पुढे किंवा मागे असण्याचा प्रश्नच येत नसे. त्यामुळे इथली रचना समजून घ्यायला मला वेळ लागला. मला समजले ते असे, की अल्जेब्रा १, जिओमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी) आणि कॅल्क्युलस (कलन) अशा पाच पायऱ्या आहेत आणि हायस्कूलची वर्षे मात्र चारच आहेत. नववीत अल्जेब्रा १ घेणारा विद्यार्थी बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोहोचतो, आठवीत घेणारा बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोहोचतो, आणि सातवीत किंवा त्यानंतरच्या उन्हाळ्यात घेणारा अकरावीतच कॅल्क्युलस संपवून बारावीसाठी आणखी काही शोधू लागतो. म्हणजे सतराव्या वर्षी मूल कोणत्या वर्गात बसेल हे बाराव्या वर्षी भरलेल्या अर्जावर बऱ्याच अंशी ठरते, आणि हीच गोष्ट मला अस्वस्थ करते.

मुलीला गणित आवडते, पण ती त्यात झपाटलेली आहे असे मी म्हणणार नाही. तिला जीवशास्त्रात अधिक रस दिसतो. ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत किंवा जे इथे शिकवतात त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. एक वर्ष पुढे आणि दोन वर्षे पुढे यांत खरा फरक काय पडतो? एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या वर्गांपैकी कॅल्क्युलस एबी आणि बीसी यांतून निवड कशी करायची? आणि कॅल्क्युलसऐवजी स्टॅटिस्टिक्स घेतले तर दारे बंद होतात का?

निशिगंध

माझ्या दोन मुलांपैकी मोठा दोन वर्षे पुढे होता आणि धाकटी एक वर्ष पुढे आहे, म्हणून दोन्हीही जवळून पाहिले आहे.

मोठ्याने सातवीत अल्जेब्रा १ घेतला. प्रत्येक वर्षी त्याला चांगली श्रेणी मिळत गेली आणि आम्ही निश्चिंत राहिलो. अकरावीत तो कॅल्क्युलस बीसीला बसला आणि पहिल्या दोन महिन्यांतच अडखळला. तो कशात अडखळला हे मी मुद्दाम सांगते, कारण ते कळायला आम्हाला बराच काळ लागला. डेरिव्हेटिव्हची कल्पना त्याला उत्तम समजली होती. वक्राला एका बिंदूपाशी स्पर्श करणाऱ्या रेषेचा चढ म्हणजे काय हे तो चित्र काढून समजावून सांगत असे. पण १/x या फलाचे डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचे तर १/(x+h) मधून १/x वजा करावे लागतात, त्यासाठी छेद समान करावे लागतात, आणि तिथे त्याचा हात थांबत असे. नवी कल्पना एका ओळीत संपते आणि पुढच्या आठ ओळी अपूर्णांक, कंस आणि उणे चिन्हे यांच्याच असतात. त्या आठ ओळी त्याने सातवीत घाईने शिकल्या होत्या आणि नंतर त्यांकडे परत जायला वेळच मिळाला नव्हता. दुसऱ्या सत्रात पार्शियल फ्रॅक्शन्स आले तेव्हा पुन्हा तेच घडले, कारण त्यातले कॅल्क्युलस अगदी सोपे असते आणि बाकी सगळा अल्जेब्रा २ असतो.

आणखी एक गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती. अकरावीत बीसी संपल्यावर शाळेत त्याच्यासाठी पुढचा वर्ग उरला नाही. बारावीत त्याने गणित घेतलेच नाही, आणि कॉलेजात गेल्यावर सव्वा वर्षाच्या खंडानंतर तो मल्टिव्हेरिएबल, म्हणजे अनेक चलांच्या कॅल्क्युलसला बसला. त्याला तो वर्ग फार जड गेला. बीसीच्या परीक्षेत ५ पैकी ५ गुण मिळूनही त्याची सरावाची सवय मोडली होती. तुम्ही दोन वर्षांची उडी घेणार असाल, तर बारावीत त्या शाळेत काय शिकवले जाते हे आजच विचारून घ्या.

खडूफळा

मी एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये अल्जेब्रा २ आणि कॅल्क्युलस शिकवते. निशिगंध यांनी लिहिलेला अनुभव मला दरवर्षी वर्गात दिसतो.

दूरदेशी, सर्वांत आधी एक गोष्ट शाळेला विचारा. तुमच्या मुलीचा सध्याचा सातवीचा वर्ग संक्षिप्त, म्हणजे इथे ज्याला कॉम्पॅक्टेड म्हणतात तसा आहे का? कॉमन कोअर या इथल्या अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात आठवीच्या गणिताला पुष्कळ वजन आहे. रेषीय समीकरणे, चढ, फलाची पहिली ओळख, दोन चलांतील एकसामायिक समीकरणे, घातांक, पायथागोरसचा सिद्धांत आणि अपरिमेय संख्या हे सगळे त्याच वर्षात येते. जिथे सहावी, सातवी आणि आठवीचे गणित दोन वर्षांत बसवून शिकवतात, तिथले मूल आठवीत अल्जेब्रा १ ला गेले तरी त्याचे काही सुटत नाही. पण जिथे केवळ प्रवेशचाचणीच्या गुणांवर आठवीचे गणित ओलांडायला देतात, तिथे मुलाच्या पायात एक वर्षाची पोकळी राहते आणि ती दहावी-अकरावीत उघडी पडते. कागदावर दोन्ही मुले ‘एक वर्ष पुढे’ असतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तिसऱ्या वाटेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. संपूर्ण क्रमात घाईने उरकू नये असा एक कोर्स निवडायचा झाला तर मी अल्जेब्रा १ चे नाव घेईन. पुढच्या सगळ्या वर्गांत जी भाषा वापरायची ती तिथे शिकली जाते, आणि भाषा सहा आठवड्यांत अंगवळणी पडत नाही. पद्धत पाठ होते, पण सराव मुरायला महिने लागतात. त्यातच इथल्या क्रमात अल्जेब्रा १ नंतर वर्षभर जिओमेट्री येते, म्हणजे कच्चा राहिलेला अल्जेब्रा वर्षभर पडून राहतो आणि मूल अल्जेब्रा २ ला पोहोचते तेव्हा निम्मे विसरलेले असते. तुम्ही महाराष्ट्रातल्या शेजारी शेजारी चालणाऱ्या बीजगणित-भूमितीचा उल्लेख केला आहे. इथेही काही जिल्ह्यांत इंटिग्रेटेड मॅथ १, २, ३ असा पर्याय असतो आणि त्यात दोन्ही विषय तिन्ही वर्षे मिसळून शिकवले जातात. विस्मरणाच्या दृष्टीने मला ती रचना अधिक पटते. तिची अडचण एवढीच, की तीन वर्षांच्या मध्येच दुसऱ्या पद्धतीच्या शाळेत बदली झाली तर मुलाला कोणत्या वर्गात बसवायचे हे ठरवणे अवघड होते.

मूल तयार आहे की नाही हे श्रेणीवरून कळत नाही. मी पालकांना तीन प्रश्न घरी विचारून पाहायला सांगते. पहिला प्रश्न : ३(x − २) = ३x + ५ हे समीकरण सोडव. यात −६ = ५ असे येते. उत्तर चुकले असे समजून मूल पुन्हा पुन्हा तेच करत राहते, की x ची कोणतीच किंमत चालणार नाही असे म्हणते, हे पाहावे. दुसरा प्रश्न : (a + b)² आणि a² + b² समान का नाहीत, हे चित्र काढून दाखव. तिसरा प्रश्न : एखाद्या संख्येत २० टक्के वाढ केली आणि मग आलेल्या संख्येत २० टक्के घट केली, तर मूळ संख्या परत येते का? मूळ संख्येच्या ९६ टक्के उरतात हे उत्तर येण्यापेक्षा, दुसरी वीस टक्के मोठ्या संख्येची आहे हे मुलाच्या तोंडून येणे मला महत्त्वाचे वाटते. उत्तर लगेच आले नाही तरी चालेल. प्रश्न मनात घोळवत ठेवण्याची सवय आहे का, हे बघायचे असते.

एबी आणि बीसीबद्दल लिहायचे तर, हे दोन एकापुढचे एक वर्ग आहेत असा पुष्कळांचा समज असतो. बीसीमध्ये एबीचा सगळा भाग असतोच, आणि त्याशिवाय अनंत श्रेणी, पॅरामेट्रिक आणि ध्रुवीय वक्र, सदिश फले आणि इंटिग्रेशनच्या काही अधिक पद्धती असतात. ढोबळमानाने एबी म्हणजे कॉलेजातील एका सत्राचे आणि बीसी म्हणजे दोन सत्रांचे कॅल्क्युलस. बीसीच्या निकालात एबीच्या भागाचे गुण वेगळे दिलेले असतात, त्यामुळे अनंत श्रेणींच्या प्रकरणात मागे पडलेल्या विद्यार्थ्याचे सगळे श्रम वाया जात नाहीत. प्रीकॅल्क्युलस नीट झालेले मूल थेट बीसी घेऊ शकते. त्रिकोणमिती आणि लॉगरिदम जिथे डळमळीत आहेत, तिथे एबी घ्यावे आणि त्यात काही उणेपणा मानू नये.

२०२३-२४ पासून एपी प्रीकॅल्क्युलसही सुरू झाले आहे. त्याच्या चार प्रकरणांपैकी तीनच परीक्षेला असतात. पॅरामीटर, सदिश आणि मॅट्रिक्स यांचे चौथे प्रकरण शाळेच्या मर्जीवर राहते. जे मूल पुढे बीसी घेणार आहे त्याला ते चौथे प्रकरण शिकवले जाते का, हे शिक्षकांना अवश्य विचारावे.

उत्तरायण

वरचे दोन्ही प्रतिसाद मला पटले, तरी दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण अशा चर्चा वाचून तयार असलेली मुलेसुद्धा उगाच थांबवली जातात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी २०१४ मध्ये आठवीतला अल्जेब्रा १ काढून टाकला आणि सगळ्यांनी तो नववीतच घ्यावा असे ठरवले. मुलांना लवकर वेगवेगळ्या गटांत विभागल्याने काही जण कायमचे मागे पडतात, हा त्यामागचा विचार प्रामाणिक होता. पण प्रत्यक्षात ज्या पालकांना शक्य होते त्यांनी बाहेरून पैसे भरून कोर्स करवून घेतले किंवा हायस्कूलमध्ये एकाच वर्षी गणिताचे दोन वर्ग घ्यायला लावले, आणि ज्यांना शक्य नव्हते त्यांच्या मुलांसमोरची वाट लांबली. २०२४ मध्ये तिथल्या शिक्षणमंडळाने आठवीतला अल्जेब्रा परत आणण्याचा निर्णय घेतला. टेक्ससने २०२३ मध्ये याच्या उलट दिशेने कायदा केला. पाचवीत गणितात वरच्या ४० टक्क्यांत असलेल्या मुलांना सहावीत आपोआप प्रगत वर्गात घातले जाते, आणि पालकांना ते नको असेल तर तसे कळवावे लागते. कोण पुढे जाणार हे पालकांच्या धावपळीवर अवलंबून राहू नये, एवढा त्याचा हेतू मला योग्य वाटतो.

वर्गात जे शिकवतात ते ज्या मुलाला आधीच येते, त्या मुलाला रोज पाऊण तास नुसते बसवणे हेही नुकसानच आहे. माझ्या मुलाच्या बाबतीत आम्ही एकच वर्ष पुढे नेले आणि उरलेली भूक दुसरीकडे भागवली. शाळेच्या पाच पायऱ्यांमध्ये संख्यासिद्धांत आणि मोजणीचे गणित, म्हणजे किती प्रकारे मांडणी करता येते यासारखे प्रश्न, जवळजवळ येतच नाहीत. एएमसी ८ या गणिताच्या स्पर्धापरीक्षेत ४० मिनिटांत २५ प्रश्न असतात, एएमसी १० आणि १२ मध्ये ७५ मिनिटांत २५ असतात, आणि त्यातून निवडलेल्यांसाठी एआयएमईमध्ये तीन तासांत अवघे १५. यांतल्या एकाही परीक्षेला कॅल्क्युलस लागत नाही, तरी शेवटचे प्रश्न भल्याभल्यांना सुटत नाहीत. मुलाला वरच्या इयत्तेत न नेताही अवघड गणित देता येते हे मला तिथे कळले. स्पर्धेत क्रमांक यावा म्हणून मी हे सुचवत नाही. जुने प्रश्न घरी सोडवले तरी पुरे आहे.

उन्हाळ्यात जिओमेट्री उरकणाऱ्यांसाठीही दोन शब्द लिहितो. आपण शाळेत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ असे तीन मथळे घालून प्रमेये लिहीत होतो. हायस्कूलच्या इतर कोणत्याही वर्गात ‘हे खरे आहे हे दाखव’ असा प्रश्न इतक्या सातत्याने येत नाही. सहा आठवड्यांच्या वर्गात क्षेत्रफळांची सूत्रे राहतात आणि सर्वांत आधी सिद्धता गळतात. म्हणून अल्जेब्रा १ इतकाच आग्रह मी जिओमेट्रीबद्दलही धरेन.

दूरदेशी

सर्वांचे मनापासून आभार. खडूफळा, शाळेत विचारले. मुलीचा वर्ग संक्षिप्त आहे आणि आठवीच्या गणिताचा बहुतेक भाग या वर्षाअखेर पूर्ण होईल असे शिक्षिकांनी सांगितले. तुमचे तीन प्रश्न आज रात्री तिला देणार आहे. एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या दृष्टीने दोन वर्षे पुढे असण्याचा काही लाभ होतो का, हेही कोणी सांगावे. स्टॅटिस्टिक्सबद्दलचा माझा प्रश्न अजून उरला आहे.

खडूफळा

एसएटीच्या गणितात कॅल्क्युलस नसते. २०२४ पासून इथे ही परीक्षा पूर्णपणे डिजिटल झाली आहे आणि तिच्या गणित विभागात ७० मिनिटांत ४४ प्रश्न असतात. त्यांतले सुमारे ७० टक्के प्रश्न साध्या किंवा प्रगत अल्जेब्राचे असतात आणि बाकीच्यांत माहितीचे विश्लेषण, भूमिती व त्रिकोणमिती येते. अकरावीत अल्जेब्रा २ शिकत असलेल्या मुलालाही ती नीट देता येते. संपूर्ण गणित विभागात डेस्मॉसचे आलेख-गणकयंत्र वापरता येत असल्यामुळे आकडेमोडीचा वेग पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही.

आलेख

मी माहितीविश्लेषणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे स्टॅटिस्टिक्सच्या प्रश्नाला मी उत्तर देतो.

एपी स्टॅटिस्टिक्ससाठी अल्जेब्रा २ पुरेसा असतो आणि त्यात कॅल्क्युलस लागत नाही. यामुळे त्याला ‘सोपा पर्याय’ समजण्याची रीत पडली आहे, आणि ती मला चुकीची वाटते. तिथली अडचण वेगळ्या जातीची आहे. विद्यार्थ्याला उत्तराच्या आकड्याबरोबर त्या आकड्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही हे पूर्ण वाक्यांत लिहावे लागते. नमुना कसा निवडला, प्रयोगात तुलनेसाठी कोणता गट ठेवला, दोन गोष्टी एकत्र वाढतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरते का, हे प्रश्न जीवशास्त्र, वैद्यक, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या सगळ्यांत रोज येतात. जीवशास्त्रात रस असलेल्या मुलीसाठी हा वर्ग मी सर्वांत उपयोगी मानतो.

मात्र तो अल्जेब्रा २ च्या जागी घेण्याची चूक करू नये. कॅलिफोर्नियात काही काळ डेटा सायन्सचा कोर्स अल्जेब्रा २ ऐवजी चालत असे. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशाचे निकष ठरवणाऱ्या प्राध्यापकांच्या समितीने ती मुभा काढून घेतली, कारण असे विद्यार्थी कॉलेजात गेल्यावर विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या शाखांसाठी आवश्यक असलेल्या गणितापासून तुटलेले राहतात असे तिला दिसले. मला तो निर्णय योग्य वाटला, आणि मी स्वतः डेटाचेच काम करतो. रेषेचा चढ आणि घातांकी वाढ समजल्याशिवाय रिग्रेशनमध्ये, म्हणजे माहितीला रेषा किंवा वक्र जुळवताना, काय चालले आहे हे समजत नाही. बटण दाबून आलेला आकडा वाचता येतो, एवढेच.

म्हणून अल्जेब्रा २ पर्यंतची वाट कोणीही सोडू नये. त्यानंतर अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र किंवा अर्थशास्त्राकडे जाणाऱ्याने कॅल्क्युलस घ्यावे आणि जमल्यास स्टॅटिस्टिक्सही घ्यावे. एपी फिजिक्स सी घ्यायचे असेल तर कॅल्क्युलस आधी किंवा निदान त्याच वर्षी असावे लागते, हेही वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावे. इतिहास, भाषा, कायदा किंवा सामाजिक शास्त्रांकडे ओढा असलेल्या मुलाने बारावीत स्टॅटिस्टिक्स निवडले तर त्याचे काही बिघडत नाही. निवडक कॉलेजांच्या बाबतीत मात्र एक वास्तव आहे : शाळेत कॅल्क्युलस उपलब्ध असताना विद्यार्थ्याने ते घेतले नाही, तर अर्ज वाचणाऱ्याच्या नजरेत ते येते. शाळेतच ते नसेल तर त्याचा दोष विद्यार्थ्याला लावला जात नाही. देशातल्या सुमारे निम्म्याच हायस्कूलांमध्ये कॅल्क्युलस शिकवले जाते. म्हणूनच कॅलटेकसारख्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नामांकित संस्थेनेही २०२३ मध्ये शाळेत कॅल्क्युलसचा वर्ग केलेलाच असावा ही अट शिथिल केली आणि तयारी दुसऱ्या मार्गाने सिद्ध करण्याची सोय ठेवली.

चंद्रकोर

शाळेतले वर्ग संपल्यावर किंवा शाळेत वर्ग नसल्यास कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एनरोलमेंटने, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या वर्गात नाव नोंदवून, गणित घेता येते. माझ्या मुलीने बारावीत तिथे मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा घेतले. वर्ग लहान होते, प्राध्यापक वेळ देत, आणि निशिगंध यांनी लिहिलेला खंड तिच्या वाट्याला आला नाही.

पण त्यातली एक गोष्ट जीवशास्त्राकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. एपीच्या परीक्षेत कमी गुण मिळाले तर ते कॉलेजाला न कळवण्याची मोकळीक असते. ड्युअल एनरोलमेंटची श्रेणी मात्र खऱ्या कॉलेजच्या गुणपत्रकावर उमटते आणि तिथून पुसली जात नाही. पुढे एमडीच्या (इथल्या वैद्यकीय पदवीच्या) प्रवेशासाठी एएमसीएएस या सामायिक अर्जसेवेतून अर्ज करताना हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे वर्गही दाखवावे लागतात आणि त्यांच्या श्रेणी हिशेबात धरल्या जातात. पंधराव्या वर्षी, इतर चार अवघड विषय चालू असताना, हौसेने घेतलेल्या वर्गातली ‘सी’ सात-आठ वर्षांनी समोर येऊ शकते. म्हणून मुलाची तयारी आणि त्या सत्रातला मोकळा वेळ या दोन्हींची खात्री असल्याशिवाय हा मार्ग घेऊ नये.

अशा वर्गांसाठी कॉलेजात किती क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरली जाणारी सूट मिळते, याचीही आधी चौकशी करावी. प्रत्येक कॉलेज आपापले नियम ठरवते. काही ठिकाणी बीसीत ४ गुण चालतात, काही ठिकाणी ५ च लागतात, आणि काही विभाग क्रेडिट देऊनही त्यांच्या शाखेच्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलस पुन्हा करायला सांगतात. पुढे गेल्याने कॉलेजचे एक सत्र हमखास वाचेल, असे धरून चालू नये.

निशिगंध

चंद्रकोर, ही माहिती आम्हाला तेव्हा मिळाली असती तर फार उपयोग झाला असता. माझी धाकटी आठवीत अल्जेब्रा १ घेऊन आता अकरावीत प्रीकॅल्क्युलसला आहे. तिला रोज संध्याकाळी अवघड उदाहरणांवर घालवायला वेळ मिळतो, आणि ती मोठ्यापेक्षा हुशार आहे म्हणून हे घडते असे मला वाटत नाही. त्याला तो वेळ आम्हीच दिला नव्हता. दूरदेशी, मैत्रिणी पुढे जातील याचे मुलीला वाईट वाटेल; तिच्याशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला. मोठ्याशी आम्ही त्या वयात असे काही बोललो नाही, सगळे आम्हीच ठरवले.

दूरदेशी

मुलीने तिन्ही प्रश्न सोडवले, त्याचा वृत्तांत लिहितो. टक्क्यांचे उदाहरण तिने लगेच आणि नीट समजावून सांगितले. (a + b)² ला तिने आधी a² + b² असेच लिहिले. चित्र काढायला सांगितल्यावर चौरस काढला, त्याचे चार तुकडे केले आणि उरलेल्या दोन आयतांकडे बोट दाखवून स्वतःच चूक दुरुस्त केली. पहिल्या समीकरणात −६ = ५ आल्यावर तिने दोनदा खोडून पुन्हा केले आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसची वाट पाहताना तिने मला सांगितले, की ३x − ६ आणि ३x + ५ या दोन रेषांचा चढ सारखाच आहे, म्हणून त्या कधीच भेटणार नाहीत, आणि म्हणून उत्तर नाही. मी तिला रेषांबद्दल काही विचारले नव्हते.

तिच्याशी बोलून आम्ही आठवीत अल्जेब्रा १ असे ठरवले आहे, आणि उन्हाळ्याच्या वर्गाला नाही म्हणून कळवले आहे. मैत्रिणींबद्दल तिला थोडे वाईट वाटले. पण बारावीत बीसी घेण्याची वाट मोकळी राहते आणि अकरावीत प्रीकॅल्क्युलसच्या जोडीने स्टॅटिस्टिक्सही घेता येते, हे तक्त्यावर मांडून दाखवल्यावर तिचे समाधान झाले. दोन्ही वर्ग एकाच वर्षी घेतल्यास ताण किती पडेल, एवढा एकच प्रश्न उरला आहे.

खडूफळा

तिने दोन रेषा पाहिल्या हे वाचून मला फार आनंद झाला. माझ्या अकरावीच्या वर्गातली कित्येक मुले समीकरणाकडे तसे पाहत नाहीत. ती आठवीत अल्जेब्रा १ साठी तयार आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही.

प्रीकॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स एकाच वर्षी घेणारे विद्यार्थी माझ्याकडे दरवर्षी असतात. स्टॅटिस्टिक्समध्ये वाचन आणि लेखन जास्त असते, प्रीकॅल्क्युलसमध्ये उदाहरणांचा सराव जास्त असतो, त्यामुळे दोन्हींचा भार एकाच जागी पडत नाही. त्याच वर्षी एपी केमिस्ट्री किंवा एपी बायोलॉजी असेल तर मात्र स्टॅटिस्टिक्स बारावीत न्यावे. अर्थात हा निर्णय दहावीच्या अखेरीस करायचा आहे. तोपर्यंत तिच्या आवडी बदललेल्या असू शकतात, म्हणून आज अर्जावर फक्त आठवीची ओळ भरा. पुढच्या वर्षांचा तक्ता घरी पेन्सिलने लिहून ठेवा.